गावतलावाच्या कामाच्या नोंदी : फेब्रुवारी 2023 ते फेब्रुवारी 2024

12 फेब्रुवारी 2023

आज तलावाला पूर्ण फेरी मारली. मच्छीमार संस्थेतली जुनी मंडळी, ढिवर (मासेमार समाज) मोहल्ल्यातल्या बाया, शाळेतले एक गुरुजी आणि आम्ही तरुण पोरं. पाळीवरून (तलावाच्या मातीच्या बांधावरून) निघालो, सांडवा पाहिला, मग जंगलाकडून नाला येतो त्या वरच्या अंगापर्यंत गेलो आणि शेतांच्या बाजूने परत आलो. हाताने काढलेला नकाशा सोबत होता. बेशरमची झुडपं कुठे माजली आहेत, अतिक्रमण कुठवर आलंय, गावाची नाली कुठे उतरते, पाळीला घळ कुठे पडली आहे, सगळ्याच्या खुणा त्यावर केल्या.

आमच्या आबाजींनी उभा जन्म जाळं फेकण्यात घालवला आहे. ते मधल्या पाण्याकडे फारसं पाहत नव्हते, सगळं लक्ष काठाकडे. एका जागी थांबून म्हणाले, "इथं देवधान होतं जी. कमरेएवढं. त्याच्या आत मरळ पिल्लं घेऊन राहे. आता पाहा." देवधान म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारा रानभात. आता तिथे बेशरमच्या दांड्या आणि पायाखाली उघडा चिखल.

आमच्या कामाची दिशा या एका थांब्यावर ठरली. आतापर्यंत तलाव म्हटलं की गावात दोनच गोष्टी बोलल्या जायच्या: पाणी किती आहे आणि गाळ किती आहे. काठाचं, त्यातल्या वनस्पतींचं नाव कोणी घेत नव्हतं.

5 मार्च

कागदपत्रं गोळा केली. तलाठी कार्यालयातून सातबारा, ग्रामपंचायतीतून निस्तार पत्रकाची प्रत. निस्तार पत्रकात गावकऱ्यांचे गुरं पाजण्याचे, माती काढण्याचे हक्क लिहिलेले आहेत. गटाचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष पाणी पसरतं ते क्षेत्र यांत बराच फरक दिसतो. मोजणीसाठी भूमी अभिलेखकडे अर्ज करायचं ठरलं.

नव्या पोरांसाठी थोडं लिहून ठेवतो. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे सहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करणारे जमीनदार. बहुतेक तलाव दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे, गोंडराजांच्या काळातले, आणि ते बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा हात. नवेगावबांध त्यातलाच. उतार ओळखायचा, दोन टेकड्यांच्या मध्ये मातीची पाळ घालायची, वरच्या तलावाचा सांडवा खालच्या बोडीत (लहान तळ्यात) सोडायचा, ही सगळी विद्या त्यांनी कागदाशिवाय जपली. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. 100 हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव आज जिल्हा परिषदेकडे आहेत. मालगुजारी गेली ते बरंच झालं, ती काही न्यायाची व्यवस्था नव्हती. पण तिच्यासोबत दर उन्हाळ्यात गावाने मिळून पाळीवर माती टाकायची रीतही गेली. तलाव सिंचनाला एका खात्याकडे, मासे संस्थेकडे लीजवर, आणि काठ कोणाकडेच नाही, असं होऊन बसलं.

9 एप्रिल

बेशरम काढायला सुरुवात. पाणी मागे सरलंय आणि जमीन अजून पार कडक झालेली नाही, म्हणून हीच वेळ धरली.

ही झुडपं मूळची अमेरिकेकडची. कुंपणाला म्हणून लावली आणि पाण्याच्या कडेने पसरत गेली. फुलं जांभळट गुलाबी, दिसायला छान, पण पाला विषारी. दुष्काळात भुकेने शेळी तिला तोंड लावते आणि कालांतराने लुळी पडते. दांडीचा वीतभर तुकडा ओल्या मातीत पडला तरी पुन्हा फुटतो. त्यामुळे नुसती कापून काही होत नाही. मागे एकदा यंत्राने कापून घेतली होती. पुढच्या पावसाळ्यात पहिल्यापेक्षा दाट आली, कारण कापलेले तुकडे पाण्यातच राहिले.

म्हणून पद्धत ठरवून घेतली. एकीने सब्बलीने बुंध्याभोवतीची माती ढिली करायची, दुसरीने बुंधा हलवत मुळासकट ओढायचा, तिसरीने पडलेले तुकडे टोपलीत वेचायचे. तुकडे वेचण्याचं काम सगळ्यांत महत्त्वाचं, आणि ते ज्या मावशींकडे दिलं त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. उपटलेली झुडपं पाळीच्या पलीकडे, पाण्यापासून लांब, मुळं वर करून उन्हात टाकली. पूर्ण वाळल्यावरच जाळायची. चीक अंगाला लागू नये म्हणून पूर्ण बाह्यांचे जुने शर्ट घालायला सांगितले.

ऊन चढायच्या आत काम थांबवायचं, हा नियम.

23 एप्रिल

काम सुरू. मजुरी रोजगार हमीतून मिळावी म्हणून मागणी अर्ज दिला आहे. निम्म्याहून जास्त बाया ढिवर मोहल्ल्यातल्या. तलावावर त्यांचं पोट आहे, तरी तलावाच्या बैठकीला त्यांना आजवर कोणी बोलावलं नव्हतं. आता बैठक त्यांच्या मोहल्ल्यातच घेतो.

1 मे

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा. जवळजवळ सगळा वेळ गाळावर गेला.

"गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही योजना 2017 पासून आहे. गाळ शेतात गेला तर हलक्या जमिनीचं भलं होतं आणि तलावात पाणीही जास्त मावतं. त्याला विरोध असायचं कारणच नाही. प्रश्न गाळ कुठून काढायचा आणि किती खोल जायचं याचा. जेसीबीवाल्याला सोयीचं काय? रस्त्यालगत उभं राहायचं आणि उभ्या कडांचा खड्डा करत जायचं. शेजारच्या तालुक्यातल्या एका तलावाचे फोटो सभेत दाखवले. तिथे काठाचा उतारच उरलेला नाही. उतार नाही म्हणजे उथळ पाणी नाही, उथळ पाणी नाही म्हणजे वनस्पती नाहीत, कारण उजेड तळापर्यंत पोचत नाही. पाणथळ पक्ष्याला उभं राहायला जागा नाही, मासोळीला अंडी घालायला आडोसा नाही. शिवाय काही ठिकाणी गाळाखालचा चिकण मातीचा थर फोडला गेला आणि पाणी झिरपून जायला लागलं.

आबाजी ग्रामसभेत पहिल्यांदा उभे राहून बोलले. "मधात खांदा, पाळीपासून अंतर ठेवून. वरचं अंग नोका छेडू. तिथं मासोयाईचं बाळंतपन होते." सभा थोडा वेळ गप्प झाली. मग ठराव असा झाला: गाळ फक्त मधल्या खोल भागातून काढायचा, चिकण थर लागला की थांबायचं, आणि वरच्या अंगाचा सगळा उथळ पट्टा जसाच्या तसा ठेवायचा. तिथे खुंट्या ठोकून दोर बांधायची जबाबदारी आमची.

ठरावाची प्रत सही-शिक्क्यासह घेतली. काम सुरू झाल्यावर ती खिशात असलेली बरी.

18 मे

गाळ निघतोय. ट्रॅक्टर शेतकऱ्यांचे, यंत्राचं डिझेल योजनेतून. एकदा यंत्र दोराच्या आत शिरलं, बायांनी पुढे उभं राहून ते मागे वळवलं. चालक समजूतदार निघाला. त्याला आत जायचं नाही हे कोणी सांगितलंच नव्हतं.

वरच्या अंगात बेशरम काढलेल्या पट्ट्यात हलकी नांगरट केली. तळाची जमीन ढेकळाची झाली, की पाऊस पडल्यावर चिखल मऊ होतो आणि रोपाची मुळं धरतात. ही पद्धत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. अर्जुनी मोरगावचे पतिराम तुमसरे यांनी तलावातल्या वनस्पती आणि मासे यांचं नातं वर्षानुवर्षं पाहून नोंदवलं. भंडाऱ्याचे मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवरांच्या या ज्ञानावर उभं राहून तलाव दुरुस्त करायला घेतले. निमगावच्या शालू कोल्हे यांनी ढिवर बायकांना ग्रामसभेत आणि पाण्यात, दोन्हीकडे पुढे आणलं. आम्ही त्यांच्या वाटेने चाललो आहोत, एवढं स्पष्ट लिहून ठेवतो.

12 जून

पाऊस नाही. खुंट्या तपासल्या, बेशरमचे नवे कोंब उपटले. बांबू आणून ठेवला.

27 जून

यंदा मृग कोरडा गेला, पण आता पाऊस लागला. नाला वाहू लागला आहे.

पहिल्या पुराबरोबर मासे चढणीला लागतात. वाहत्या पाण्याच्या उलट दिशेने नाल्यात, तिथून बांध्यांमध्ये (धानाच्या शेतांत) शिरतात आणि तिथे अंडी सोडतात. याच दिवसांत लोक नाल्याच्या तोंडाशी आडवी जाळी लावून, मच्छरदाण्या लावून अंड्यांनी भरलेली मासोळी पकडतात. एका पोटात हजारो अंडी असतात. ती मासोळी एका वेळच्या कालवणासाठी काढली की पुढच्या वर्षीच्या पिढीवर पाणी पडतं.

संस्थेने आठवडाभर आधी मोहल्ल्यात बैठक घेऊन ठरवलं होतं, की नाल्याच्या तोंडाशी यंदा जाळं लागणार नाही. दुसऱ्या मोहल्ल्यातल्या पोरांनाही घरोघरी जाऊन सांगितलं. रात्री कंदील घेऊन संस्थेची माणसं आळीपाळीने पहाऱ्याला बसली. काल मध्यरात्री दोघे जण मच्छरदाणी घेऊन आले. भांडण झालं नाही. आबाजींनी त्यांना जवळ बसवलं, चहा पाजला, अंडी म्हणजे काय ते समजावलं. आज तेच दोघे पहाऱ्याला येऊन बसले आहेत.

बोटुकलीच्या (माशांच्या पिल्लांच्या) खर्चाचाही हिशेब केला. कतला, रोहू, मृगल साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. म्हणून संस्था दरवर्षी मत्स्यबीज विकत आणते. मरळ, शिंगी, मागूर मात्र तलावातच वाढतात आणि बाजारात कतल्यापेक्षा चांगला भाव घेतात. काठ शाबूत असेल तर हे मासे फुकट मिळतात. गवत्या मासा या वर्षी सोडायचा नाही, असाही निर्णय झाला. आम्ही लावू ती सगळी वनस्पती तो साफ करेल.

16 जुलै

लावणी. शेतात रोवणी चालू आहे, त्यामुळे बायांना वेळ काढणं कठीण. तरी सकाळचे दोन तास सगळ्या आल्या.

रोपं पलीकडच्या गावच्या एका बोडीतून आणली. ती बोडी जंगलाच्या कडेला आहे, तिच्यात बाहेरचा मासा कधी सोडलेला नाही. परवानगी घेऊन, एका जागचं सगळं न उपटता, थोडं इथून थोडं तिथून घेतलं. आणल्यावर प्रत्येक जुडी स्वच्छ पाण्यात घोळून पाहिली. जलकुंभीचं एक पान जरी सोबत आलं, तर दोन पावसाळ्यांत तलाव हिरवा झाकला जाईल.

प्रत्येक वनस्पतीची खोली वेगळी. घोट्याएवढ्या पाण्यात देवधान आणि कांद्याची लव्हाळी, गुडघा ते कमरेच्या पाण्यात कुमुदिनीचे कंद, त्यापुढे हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया या पाण्याखालच्या वनस्पती. देवधानाचं रोप बांधीत पऱ्हे (धानाची रोपं) रोवतात तसंच अंगठ्याने दाबून लावायचं. यात बायांना काही शिकवावं लागलं नाही, उलट आमच्या ओळी पाहून त्या हसत होत्या. पाण्याखालच्या वनस्पतींची रीत निराळी. चार-सहा दांड्यांची जुडी, तिच्या बुडाशी चिकण मातीचा मुठीएवढा गोळा, आणि तो गोळा हात खाली नेऊन तळावर टेकवायचा. वरून टाकला तर गोळा सुटतो, जुडी तरंगत जाते. मावशी गळ्यापर्यंत पाण्यात, एक हात खाली, मान वर, आणि मागे पोरगी जुड्यांची परात धरून. गोळा टेकला की त्या पायाच्या अंगठ्याने चाचपून पाहतात आणि मगच पुढे सरकतात.

लावलेल्या पट्ट्याभोवती बांबू रोवून जुनी जाळी बांधली. म्हशी आत येऊ नयेत आणि मोठे मासे कोवळे शेंडे तोडू नयेत, यासाठी. गुरांना पाण्यावर यायला दुसऱ्या बाजूने वाट सोडली आहे. गुराख्यांशी आधीच बोललो होतो, त्यामुळे कुरकुर झाली नाही.

24 ऑगस्ट

पावसाने दडी मारली आहे. धानाला पाणी हवं, तलावात पाणी राहायला हवं. दोन्ही गोष्टी खऱ्या.

संध्याकाळी देवळासमोर पाणीवाटपाची बैठक. आवाज चढले. एक शेतकरी भाऊ म्हणाले, "मासे वाचवू आणि धान जळू देऊ काय?" प्रश्न रास्त आहे, त्यांच्या बांधीला भेगा पडल्यात. संस्थेच्या बाजूनेही म्हणणं रास्त: मोरी (तलावातून पाणी सोडायचं दार) पूर्ण उघडली तर लावलेला पट्टा उघडा पडेल आणि गावाच्या विहिरींचं पाणीही उतरेल. शेवटी पाळीच्या आतल्या दगडी पायऱ्यांवर एक पायरी ठरली. त्या पायरीपर्यंत पाणी शेतीला, त्याखाली कोणी मोरीला हात लावायचा नाही. आधी टोकाच्या बांध्या, मग जवळच्या. पाळी-पाळीने रात्री पाणी सोडायचं, म्हणजे उन्हाने उडून जाणार नाही. पायरीला चुन्याची पांढरी रेघ मारली. ही रेघ शेतकरी आणि ढिवर दोघांनी मिळून मारली, आणि यंदाच्या कामातली मला ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

बुडीत क्षेत्रात धान लावणाऱ्यांचा विषय मात्र अजून अडला आहे. पाणी वर चढलं की त्यांचं पीक बुडतं, म्हणून कुठे कुठे सांडव्याची उंचीच कमी केली जाते. आमच्या सांडव्याचेही काही दगड निघालेले आहेत. मोजणी झाल्याशिवाय यावर बोलता येत नाही.

(पुढे 1901 पासूनच्या नोंदीत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट हाच ठरला. त्या महिन्यात ती रेघ पाळली गेली.)

14 सप्टेंबर, पोळा

बैल तलावावर धुवायला आले. लावलेल्या पट्ट्यापासून दूर, सांडव्याच्या बाजूला जागा ठरवून दिली होती. सगळ्यांनी पाळली.

28 सप्टेंबर

गणपती विसर्जन. मातीच्या मूर्ती पाळीजवळ, प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींसाठी ग्रामपंचायतीने बांधलेलं वेगळं टाकं. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, वर्षानुवर्षं तळाशी पडून राहतं, रंगातले जड धातू पाण्यात उतरतात. मंडळांना ऑगस्टमध्येच भेटलो होतो. निर्माल्य वेगळं घेतलं, त्याचं खत होईल. पुढच्या वर्षी गावातला कुंभार मातीच्या मूर्ती करायला तयार आहे. त्याला आगाऊ मागणी मिळाली पाहिजे, ती मंडळांकडून लिहून घेऊ.

5 नोव्हेंबर

तालुक्याच्या कॉलेजातले एक प्राध्यापक पाणी तपासायचं साहित्य घेऊन आले. त्यांनी मुद्दाम सूर्योदयाआधीची वेळ दिली. दिवसा वनस्पती पाण्यात प्राणवायू सोडतात, रात्री सगळे जीव तो वापरतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. लिटरला 5 मिलिग्रॅमच्या खाली गेला की कतल्यासारख्या माशांना त्रास सुरू होतो, आणखी उतरला तर ते तोंड वर काढून हवा घेऊ लागतात. वरच्या अंगात, लावलेल्या पट्ट्याजवळ, पातळी ठीक निघाली. गावाची नाली उतरते तिथे मात्र चांगली नाही. मागूर, शिंगी, मरळ हवेतूनही श्वास घेऊ शकतात, ते तिथेही तग धरतात; बाकीचे त्या कोपऱ्यात फिरकत नाहीत.

काळ्या-पांढऱ्या रंगाची तबकडी दोरीने खाली सोडून गढूळपणा पाहिला. वनस्पतींच्या पट्ट्यात तबकडी बरीच खोल जाईपर्यंत दिसते, नालीकडे सोडताक्षणी दिसेनाशी होते. शाळेची मुलं सोबत होती, त्यांच्यातल्या एकीने विचारलं, "मग नाली आधी शेतात का नाही सोडत?" प्राध्यापक म्हणाले, हाच उपाय आहे, फक्त मध्ये एक उथळ खड्डा आणि त्यात लव्हाळं हवं. ग्रामपंचायतीच्या पुढच्या आराखड्यात हा खड्डा घालायचा.

कुमुदिनीच्या पानांवर कमळपक्षी आहे. अडई बदकांचा थवा सकाळी उतरतो. सारस या तलावावर आलेला नाही; जिल्ह्यातच त्यांची संख्या फार थोडी उरली आहे. उथळ पाणी आणि शांतता मिळाली तर तो येईल, न येईल, पण जागा तरी तयार असावी.

21 जानेवारी 2024

जाळं टाकायचा हंगाम. लावलेल्या पट्ट्यात जाळं टाकलं नाही, फक्त मधल्या पाण्यात. मरळ निघाली, चांगली हातभर लांब. शिंगीही आहे. छोट्या मासोळ्या आणि झिंगे दिसले. ते बायांच्या वाट्याचे, त्या सुकवून विकतात. मोठे मासे संस्थेच्या वजनकाट्यावर जातात आणि पैसा पुरुषांच्या हाती येतो, बारीक मासोळीचा पैसा घरात थेट बाईच्या हाती येतो. काठ बिघडतो तेव्हा आधी ही बारीक मासोळीच संपते. तलावाच्या कामाला बाया सर्वांत आधी का आल्या, याचं उत्तर यातच आहे.

मच्छीमार संस्थेत बायांना सदस्य करून घ्यायचा अर्ज आज दिला. दोन जणांनी नियम काय सांगतो असा सवाल केला. उपविधी काढून वाचले, त्यात बाईला मनाई कुठेही नाही.

11 फेब्रुवारी 2024

पुढच्या वर्षाची बैठक. बेशरम पाळीच्या पलीकडच्या अंगाने पुन्हा डोकावते आहे, एप्रिलमध्ये दुसरी फेरी. मोजणीची तारीख आली आहे, त्या दिवशी शेतकरी, संस्था आणि सरपंच तिघांनी हजर राहायचं. सांडव्याचे निघालेले दगड मोजणीनंतर बसवायचे. चुन्याच्या रेघेच्या जागी दगडात खाच पाडून घ्यायची, म्हणजे दरवर्षी नव्याने भांडायला नको.

शेजारच्या गावाने देवधान आणि कुमुदिनी मागितली आहे. पट्टा अजून कोवळा आहे, म्हणून यंदा फक्त देवधानाचं बी द्यायचं. कुमुदिनीचे कंद पुढच्या जुलैत. बी मावशींच्या घरी मडक्यात ठेवलं आहे, ते न्यायला त्या गावच्या बायांनी स्वतः यावं आणि लावणीच्या दिवशी आमच्याकडच्या दोघींनी सोबत जावं, असं ठरलं.